तात्पर्य नंतर, आधी ‘मग काय झालं?’

मराठी शाळेत शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मुद्द्यांवरून गोष्ट लिहिलेली असते. ‘लाकूडतोड्या – नदी – कुऱ्हाड पाण्यात पडणे – जलदेवता – प्रामाणिकपणा – बक्षीस’ असे पाचसहा मुद्दे दिलेले असतात. त्यांच्यामध्ये वाक्यं भरायची, वर शीर्षक द्यायचं आणि खाली तात्पर्य लिहायचं. परीक्षेसाठी हा सराव वाईट नाही. घटनांचा क्रम लावायची आणि मोजक्या शब्दांत लिहायची सवय त्याने लागते. पण मुलाने स्वतः ठरवावं असं त्यात काही उरत नाही. गोष्ट कोणाची, काय घडलं, शेवट काय, त्यातून काय शिकायचं, हे सगळं दुसऱ्याने ठरवलेलं असतं. तेच मूल ‘आता तुझ्या मनाने एक गोष्ट लिही’ म्हटल्यावर पेन्सिल चावत बसतं आणि आपण म्हणून मोकळे होतो, ‘याला काही सुचतच नाही.’

खरं तर सुचत नाही असं मूल विरळाच. दोन खुर्च्यांवर चादर टाकून त्याखाली गुहा करणारं, बाहुलीला ताप आला म्हणून तिला इंजेक्शन देणारं, ‘शाळेला उशीर का झाला’ याचं पाच मिनिटांचं वर्णन करणारं मूल गोष्टच रचत असतं. ती वहीत उतरत नाही याची कारणं वेगळी असतात. लिहिताना हात दुखतो, वेलांटी चुकेल अशी भीती वाटते आणि मुख्य म्हणजे आपण लिहिलेलं कोणीतरी आवडीने वाचणार आहे याची खात्री नसते. मुलांचं कथालेखन सुधारायचं असेल, तर पालक आणि शिक्षकांनी तपासनीस होण्याआधी वाचक व्हायला हवं. पुढे दिलेल्या सगळ्या युक्त्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

लिहिण्याआधी सांगू द्या

सात-आठ वर्षांच्या मुलाला अक्षर काढणं, शब्द शुद्ध लिहिणं आणि गोष्ट रचणं ही तिन्ही कामं एकाच वेळी करावी लागतात. त्यातलं सर्वांत अवघड काम मागे पडतं आणि गोष्ट चार ओळींत आटोपते. म्हणून आधी तोंडी सांगू द्या. मूल लहान असेल तर ते सांगेल तसं तुम्ही लिहून घ्या, त्याचे शब्द न बदलता. ते ‘मग ना, तो वाघ ना’ म्हणालं, तर तसंच लिहा. मग शब्दांखाली बोट फिरवत त्याला वाचून दाखवा. आपण बोललेलं कागदावर उतरतं आणि पुन्हा वाचता येतं, हे कळलं की मूल आपणहून लिहायला बघतं. थोड्या मोठ्या मुलांना मोबाइलवर गोष्ट रेकॉर्ड करून मग ऐकत ऐकत लिहू द्या.

सांगण्यातून लिहिण्याकडे जाण्याची वाट मराठीला चांगली ओळखीची आहे. साने गुरुजींच्या 1935 साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’मधल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलेलं आहे, कारण श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्रींमधून पुस्तक उभं राहिलं. गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षकही चौथीच्या दंगेखोर वर्गाला काबूत आणण्यासाठी छडी उचलत नाही, गोष्ट सांगायला बसतो. ती एका दिवसात संपत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मुलंच तिची वाट बघत असतात. ज्या घरात आणि ज्या वर्गात गोष्टी सांगितल्या जातात, तिथल्या मुलांना गोष्ट कशी सुरू होते, कुठे वळते आणि कुठे थांबते हे न शिकवता समजतं.

‘म्हातारी आणि भोपळा’ काय शिकवते?

कथानक, संघर्ष, उत्कर्षबिंदू असे शब्द मुलांना सांगून काही हाती लागत नाही. त्यांना माहीत असलेली एखादी गोष्ट घ्या आणि ती मिळून उलगडा. ‘म्हातारी आणि भोपळा’ यासाठी उत्तम.

म्हातारीला काय हवं आहे? लेकीकडे जायचं आहे. आडवं काय येतं? वाटेतल्या जंगलात वाघ भेटतो, कोल्हा भेटतो आणि प्रत्येकाला तिला खायचं असतं. मग ती काय करते? ‘लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा,’ असं सांगून वेळ मारून नेते. पण त्यामुळे परतीची वाट आणखी अवघड होते, कारण सगळे टपून बसलेले असतात. तेव्हा ती भोपळ्यात बसते.

कोण आहे? त्याला काय हवं आहे? आडवं काय येतं? मग तो काय करतो? या चार प्रश्नांत बहुतेक गोष्टी बसतात. मुलांच्या वहीतल्या कित्येक ‘गोष्टी’ गोष्टी का होत नाहीत, तेही यातूनच कळतं. ‘आम्ही महाबळेश्वरला गेलो. स्ट्रॉबेरी खाल्ली. घोड्यावर बसलो. खूप मजा आली.’ यात सगळं आहे, फक्त आडवं काही येत नाही. घोडा मध्येच थांबला आणि काही केल्या हलेना, असं झालं की तिथून गोष्ट सुरू होते. मुलाला एवढंच विचारा, ‘यात काहीतरी बिघडलं असतं तर?’

अडचण मोठीच असायला हवी असं नाही. राक्षस आणि भूकंप लागत नाहीत. नवी चप्पल तुटणं, आजीचा चष्मा सापडत नसणं, वर्गातल्या मैत्रिणीने आज बोलणं बंद केलेलं असणं, एवढ्यावर छान गोष्ट होते. दुसरी एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी लागते. सुटका आयत्या वेळी परी येऊन किंवा ‘आणि मग त्याला जाग आली’ असं म्हणून होऊ नये. म्हातारी स्वतःच्या युक्तीने सुटते, म्हणून ती इतक्या पिढ्या लक्षात राहिली.

सुचण्यासाठी दोन शब्द

कोऱ्या पानापुढे बसून मूल अडलं असेल, तर विषय देण्यापेक्षा दोन शब्द द्या. जानी रोदारी हे इटलीतले मोठे बालसाहित्यिक. 1970 साली त्यांना बालसाहित्यातलं मानाचं हान्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक मिळालं. मुलांबरोबर गोष्टी कशा रचाव्यात यावर त्यांनी 1973 साली एक पुस्तक लिहिलं. त्यातली एक युक्ती फार सोपी आहे. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवायचे आणि त्यांना वेगवेगळ्या प्रकारे जोडून बघायचं.

समजा, ‘म्हैस’ आणि ‘लिफ्ट’. आता मराठीतले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं कामाला लावा. लिफ्टमधली म्हैस. म्हशीसाठी लिफ्ट. लिफ्टला घाबरणारी म्हैस. लिफ्टपेक्षा मोठी म्हैस. यातल्या एखाद्या जोडीपाशी मुलं हसतात, आणि जिथे हसतात तिथे गोष्ट सापडते. सातव्या मजल्यावरच्या आजींना ताज्या दुधाचाच चहा लागतो, म्हणून गवळी म्हशीलाच वर घेऊन निघाला आणि चौथ्या मजल्यावर लाइट गेले, तर? कोण, काय हवं, काय आडवं आलं, तिन्ही प्रश्न सुटले. आता चौथा मुलांकडे सोपवा.

वर्गात हा खेळ चिठ्ठ्यांवर करता येतो. प्रत्येकाने एक वस्तू किंवा प्राणी लिहायचा, चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि प्रत्येक गटाने डोळे मिटून दोन उचलायच्या. घरी जेवताना तोंडीच खेळा. ‘…तर काय होईल?’ हाही तसाच खेळ. गावातले सगळे आरसे एका दिवशी उशिरा प्रतिमा दाखवू लागले तर? शाळेची घंटा हरवली तर? अट एकच. मोठ्यांनी आपलं उत्तर आधी सांगायचं नाही. ते सांगितलं की मुलं तेच बरोबर समजून त्याच्या मागे जातात.

आपल्या गावची गोष्ट

मुलांच्या गोष्टी बहुधा जंगलात, राजवाड्यात नाहीतर टीव्हीवरच्या कार्टूनच्या गावात घडतात. त्यात गैर काही नाही, नक्कल करतच सगळे शिकतात. छोटा भीमला घेऊन मूल नवी गोष्ट रचत असेल तर रचू द्या. मात्र गोष्ट आपल्या गल्लीतही घडू शकते, हे त्याला कोणीतरी दाखवायला हवं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, पुण्यात शिकायला आलेला, सायकल सुसाट पळवणारा किडकिडीत मुलगा आहे. तो तोंडाने ‘ट्टॉक’ असा आवाज काढतो. तो शूर आहे, हुशार आहे असं वाचकाला सांगत बसावं लागत नाही. सायकल आणि तो आवाज एवढ्यावर तो डोळ्यांपुढे उभा राहतो.

मुलांकडूनही असंच करून घ्या. ‘तुझ्या गोष्टीतला मुलगा कसा आहे?’ विचारलं की उत्तर येतं, ‘चांगला.’ त्याऐवजी विचारा, ‘त्याच्या खिशात काय काय आहे? रागावला की काय करतो? कोणत्या गोष्टीला घाबरतो, आणि ते कोणाला माहीत आहे?’ या तीन उत्तरांत माणूस तयार होतो.

एक गोष्ट जवळून पाहू

समजा, चौथीतल्या एका मुलीने हे लिहिलं आहे:

‘एक मुलगा होता. त्याचे नाव राजू होते. तो खूप गरीब होता. एकदा त्याला रस्त्यात पाकीट सापडले. त्यात खूप पैसे होते. त्याने ते पोलिसांना दिले. पोलिसांनी त्याला शाबासकी दिली. तात्पर्य – नेहमी प्रामाणिक राहावे.’

शुद्धलेखनाच्या दृष्टीने यात एकही चूक नाही. बरोबरची खूण करून वही परत देता येईल. पण आपण वाचक म्हणून बसलो आहोत, तेव्हा आधी खरोखर आवडलेलं सांगू. ‘पाकीट सापडलं तिथे मला पुढे वाचावंसं वाटलं.’ मग विचारू.

पाकीट कुठे सापडलं? भाजीच्या गाडीखाली. कसं होतं? ओलं होतं, कारण भाजीवाल्या मावशी पाणी मारतात. त्या दिवशी राजूला पैसे हवे होते का? (इथे मुलगी थोडी थांबते.) हो, सहलीचे. बरोबर कोणी होतं? ताई होती. ती काय म्हणाली?

एवढंच. लिहून काही द्यायचं नाही, ‘असं कर’ म्हणायचं नाही. एका वेळी चारपाच प्रश्न पुष्कळ झाले. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट अशी येऊ शकते:

‘सहलीचे साडेतीनशे रुपये उद्या भरायचे होते. आई म्हणाली होती, बघू. बघू म्हणजे नाही, हे राजूला माहीत होतं. भाजीच्या गाडीखाली त्याला पाकीट दिसलं. ते ओलं होतं आणि त्याला कोथिंबिरीचं पान चिकटलं होतं. त्याने आधी पान काढलं, मग आत बघितलं. पाचशेची एक नोट होती आणि डॉक्टरांची चिठ्ठी होती. ताई म्हणाली, “कोणी बघितलं नाही.” राजू म्हणाला, “मी बघितलं.”’

राजू गरीब आहे, हे आता ‘बघू’ या एका शब्दात आलं. त्याला मोह होणार हे साडेतीनशे आणि पाचशे या आकड्यांनी सांगितलं. पाकीट ज्याचं आहे त्याला पैशांची किती गरज असेल, ते चिठ्ठीने सांगितलं. तात्पर्य खाली लिहायची गरजच राहिली नाही, ते राजूच्या तोंडी आलं. मुलीच्या अंगची समज पहिल्या दिवशीही तेवढीच होती. दुसऱ्यांदा लिहिण्याआधी तिला विचारणारं कोणी होतं.

‘खूप’ला एक दिवस सुट्टी

मुलांच्या लेखनात चार शब्द सतत येतात: खूप, छान, मस्त आणि ‘मजा आली’. एका पानापुरती या शब्दांना बंदी घाला. ‘तो खूप घाबरला’ लिहिता येत नाही म्हटल्यावर मूल विचार करतं की घाबरल्यावर काय होतं. मग ‘त्याने चप्पल हातात घेतली आणि भिंतीला टेकून चालू लागला’ असं वाक्य येतं.

याला जोड द्या पाच इंद्रियांची. पिठाच्या गिरणीत पाठवा, एसटी स्टँडवर पाच मिनिटं उभं करा, नाहीतर स्वयंपाकघरात फोडणी पडताना डोळे मिटून बसवा. काय दिसलं, हे मुलं सांगतातच. काय ऐकू आलं, वास कसला आला, हाताला काय लागलं, हे मुद्दाम विचारावं लागतं. गरम पिठाचा वास, गिरणीच्या पट्ट्याचा फटफट आवाज, गिरणीवाल्या काकांच्या पांढऱ्या भुवया. अशा तीन ओळी टिपून ठेवणारी एक छोटी वही मुलाला द्या. ती तपासायची नाही, मागायची नाही. गोष्ट लिहिताना ते स्वतःच ती उघडेल.

संवादांच्या बाबतीत आणखी सैल सोडा. गोष्टीतली आजी मालवणची असेल तर तिने मालवणीत बोलावं. मामा अकोल्याचा असेल तर त्याचं बोलणं वऱ्हाडी असावं. खानदेशातल्या मुलाच्या घरी अहिराणी बोलत असतील, तर त्याच्या गोष्टीतल्या माणसांनी पुस्तकी मराठीत का बोलावं? निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद घरच्या बोलीत, ही सवय मराठीतल्या कितीतरी चांगल्या लेखकांची आहे. घरच्या भाषेला वहीत जागा मिळाली की अबोल मुलंही लिहू लागतात. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या, परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांनाही हेच लागू आहे. अडलेल्या जागी इंग्रजी शब्द आला तर येऊ द्या, गोष्ट थांबवू नका. शब्द मागाहून मिळतो.

लाल पेन कधी उचलायचं?

शुद्धलेखन महत्त्वाचं आहे, त्याची वेळ मात्र शेवटची आहे. क्रम असा ठेवा.

पहिल्या वाचनात फक्त गोष्ट वाचा. हातात पेन घेऊ नका. आवडलेली एक जागा नेमकी सांगा. ‘छान आहे’ म्हटल्याने मुलाला काही कळत नाही. ‘कोथिंबिरीचं पान मला दिसलं’ म्हटल्यावर बरोबर कळतं.

दुसऱ्या वेळी प्रश्न विचारा, जिथे तुम्हाला खरंच कळलं नाही किंवा आणखी ऐकावंसं वाटलं तिथेच.

मग मुलाला स्वतःची गोष्ट मोठ्याने वाचायला लावा, शक्यतो एक दिवस मध्ये जाऊ देऊन. सुटलेला शब्द, लांबलेलं वाक्य, चार वेळा आलेलं ‘आणि मग’ डोळ्यांना दिसत नाही, कानाला खटकतं. खाडाखोड झाली तर ‘पान घाण केलंस’ असं म्हणू नका. खोडणं म्हणजे विचार करणं. कच्चं लिखाण एक ओळ सोडून करायची सवय लावा, म्हणजे दुरुस्तीला जागा राहते.

सगळ्यांत शेवटी शुद्धलेखन, आणि तेही एका वेळी एकाच प्रकारचं. आज फक्त पूर्णविराम आणि अवतरणचिन्हं, पुढच्या गोष्टीत ऱ्हस्व-दीर्घ. एका पानावर तीस लाल खुणा बघितलेलं मूल पुढच्या वेळी सोपे शब्द वापरून लहान गोष्ट लिहितं. त्यात चुका कमी होतात आणि गोष्टही उरत नाही.

दोन मोह मोठ्यांनी टाळावेत. एक म्हणजे मुलाचं वाक्य ‘सुधारून’ स्वतःचं घालणं. स्पर्धेत बक्षीस मिळेल, पण मुलाला कळतं की हे आपलं नाही. दुसरा म्हणजे मोबाइलला सांगून आयती गोष्ट लिहून घेणं. ती दिसायला नीटनेटकी असते, मात्र अडखळण्यातून, खोडण्यातून, ‘आता याचं पुढे काय करू’ या विचारातून मूल जे शिकतं ते सगळं त्यात हुकतं.

गोष्टीला वाचक मिळू द्या

वहीत बंद राहिलेल्या गोष्टीसाठी दुसऱ्यांदा लिहायला कोण बसेल? शाळेत भित्तिपत्रक असतंच, तिथे दर आठवड्याला दोन गोष्टी लावा, हुशार मुलांच्याच नव्हे तर पाळीपाळीने सगळ्यांच्या. दिवाळीत घरचा किंवा सोसायटीचा हस्तलिखित अंक काढा. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, चित्रं सगळं मुलांचं. गावी आजी-आजोबांना फोनवर गोष्ट वाचून दाखवू द्या.

लिहिणाऱ्या मुलाने भरपूर वाचायलाही हवं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत खुले केले आहेत. ज्ञान प्रबोधिनीचं ‘छात्र प्रबोधन’ कुमारवयीन मुलांसाठी आहे. माधुरी पुरंदरे यांची ‘वाचू आनंदे’ आणि ‘लिहावे नेटके’ ही पुस्तकं घराघरांत आणि शाळाशाळांत असायला हवीत. वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलास?’ विचारण्याऐवजी विचारा, ‘लेखकाने ही गोष्ट इथूनच का सुरू केली असेल? तू कुठून केली असतीस?’

आठवडाभराची सोपी आखणी

सोमवारी जेवताना दोन शब्दांचा खेळ. मंगळवारी त्यातली एक गोष्ट तोंडी. बुधवारी वीस मिनिटं कच्चं लिखाण, मध्ये कोणी डोकावायचं नाही. गुरुवारी सुट्टी. शुक्रवारी मोठ्याने वाचन आणि दोनतीन प्रश्न. शनिवारी दुरुस्ती. रविवारी पक्की प्रत, चित्र आणि घरातल्या सगळ्यांसमोर वाचन. दर आठवड्याला जमलं नाही तरी चालेल. महिन्यातून एक गोष्ट अशी पूर्ण झाली, तर वर्षाला बारा होतात. मुलाला पुस्तक म्हणून बांधून देण्याइतक्या.

परीक्षेतल्या कथालेखनाची काळजी वेगळी करायला नको. ज्या मुलाला स्वतःची गोष्ट रचता येते, त्याला दिलेल्या मुद्द्यांवरून लिहिणं सोपं जातं. उलट घडेलच असं नाही.

तेव्हा पालकहो, शिक्षकहो, पुढच्या वेळी एखाद्या मुलाने वही पुढे केली, तर हातातलं काम दहा मिनिटं बाजूला ठेवा. गोष्ट शेवटपर्यंत वाचा आणि मनापासून विचारा, ‘मग काय झालं?’ त्याचं उत्तर द्यायला ते मूल पुन्हा लिहायला बसेल.